चौदा दिवसांची सुट्टी

३ ऑगस्ट २०२५

माह्या लहान नवऱ्या,

लाजू नको. तू पाळण्यात होता तवापासून मी तुले नवराच म्हणते, अन् तुहा आजा मुखरू तोंड फुगवून बसे का बुढीनं दुसरं घर केलं. पाच वर्षांत तुले या नावानं कोणी हाक मारली नसन, म्हणून पहिले तेच लिहाले लावलं.

अक्षर संघप्रियाचं आहे. आपल्या गावची आशाताई, आठवते ना? ती 'मला' लिहून राह्यली होती. मी म्हटलं, बाई, मी बोलते तसंच लिही, नाईतर पोराले वाटन तहसिलीतून नोटीस आली. तुहा पत्ताही तिच्या मावसभावानंच देल्ला. तो म्हणते, भद्रावतीले कॉलनीच्या बाहेर टायरच्या दुकानात तुमच्याकडचा एक पियुष नावाचा पोट्टा पंक्चर काढते, कोणाशी बोलत नाई. मी म्हटलं, तोच.

फोन काऊन नाई केला म्हणशील. फोनवर तू बोलला असता अन् मले ऐका लागलं असतं. कागदाचं बरं आहे. मीच बोलते.

इथी सारं ठीक आहे. धानाचा रोवणा झाला. तुह्या मायचे गुडघे दुखते, पण चिखलात उतरली का तिले गुडघे आहेत हेच ती विसरते. तुह्या बापाचं डोकं दुखते. लहानूचं डोकं दुखाले कधी कारण लागत नव्हतं, या वेळी मात्र आहे.

लॉकडाऊनमंदी सरकारनं शेतकऱ्याच्या खात्यात दोन हजार टाकले होते. आपली चार एकर धानाची जमीन आज्याच्या नावानं, म्हणून ते आज्याच्या खात्यात आले. मंग दर चार महिन्यानं येतच राह्यले. आता वरून कागद आला आहे का मुखरूले ८ सप्टेंबरले अहेरीच्या तहसिलीत हजर करा, माणूस जिवंत आहे का ते पाहाचं आहे. नसन तर कधी मेला, कुठी मेला, कोणी पाहलं ते सांगा. दोन्ही नाई जमलं तर ज्याच्या फोनवर ते ओटीपीचे आकडे आले, ज्यानं ते मशीनवाल्याले सांगतले, त्याच्यावर केस. फोन तुह्या बापाचा. आकडे त्यानंच सांगतले. मी अडाणी बाई, मले काय मालूम.

आता आज्याले कुठून आणावं, तूच सांग. शेवटपर्यंत त्याच्यासंगं तू एकटा होता.

आपल्यात ज्यानं डोळ्यानं पाहलं त्यानं घरी येऊन सांगतल्याबिगर बांगडी फुटत नाई अन् तेरवीचं जेवण शिजत नाई. मले कोणी येऊन सांगतलं नाई. म्हणून मी हिरव्या बांगड्या भरते अन् कुंकू लावते. गावच्या बाया माघारी हसते. हसू दे. पंचाहत्तरीत सवाशीण राह्यनं सगळ्याच बायाले भेटत नाई.

आठ तारीख ध्यानात ठेव. बसचं भाडं तुहा बाप देईन म्हणते. त्याच्या भरवशावर राहू नको, खिशात ठेवून निघजो.

तुही
धुरपता आजी

(अंगठा संघप्रियानं शाई लावून उमटवून घेतला. म्हणते, मशीनवर उमटत नाई, कागदावर कसा झकास आला!)


१९ ऑगस्ट

पियुष,

तुहा कागद आला नाई. पोस्टमन दिसला का मी आंगणात येऊन उभी राह्यते. काल तो म्हणे, "काऊन वो आजी, कोणाची वाट पाहून राह्यली?" मी म्हटलं, "नवऱ्याची." बिचारा सायकल घेऊन पळाला.

मागच्या वेळी मी तुले थोडं खोटं लिहाले लावलं. थोडं नाई, मुद्द्याचंच. संघप्रियानं तवाच पेन थांबवून माह्याकडं पाहलं होतं, पण मी म्हटलं, तू लिही.

तुह्या बापानं केलं असं मी म्हटलं होतं. त्याच्याकडून मी करवून घेतलं.

तू गेला त्याच्या आठ-दहा दिवसानं लहानूच्या फोनवर टूं वाजलं. तो म्हणे, बाबाच्या खात्यात दोन हजार आले. त्याचा आवाज फाटला होता. त्याले समजलं होतं, गावाले समजलं होतं, एक मीच समजून घेत नव्हती. मी म्हटलं, "बुढ्यानं मिरचीची मजुरी पाठवली." तो म्हणे, "माय, हे सरकारचे आहेत." मी म्हटलं, "माहा नवरा माघात मिरची तोडाले तेलंगणात गेला, मजुरी पाठवून राह्यला. तू कोण त्याची कमाई बंद करणारा?" दर चार महिन्यानं टूं वाजे, अन् मी त्या दिवशी गोडाचं करो. असं पाच वर्षं, बाबू. चार महिन्यातून एकदा माहा नवरा माही आठवण करे.

मंग दोन वर्षांआधी यादी तपासणारा साहेब आला. भादवा होता, मी गोवऱ्या थापत होती. "मुखरू कुठे आहेत?" तुले मालूमच आहे, माघ-फागुनात आपल्या गावात कोणी घरी दिसला नाई तर एकच उत्तर. माह्या तोंडून तेच निघालं. मी म्हटलं, "मिरचीले गेला."

अरे, भादव्यात कुठची मिरची? झाडाले फूल नसते! गावचं शेंबडं पोट्टंही हसलं असतं. पण साहेब परजिल्ह्यातला. त्यानं लिहून टाकलं: हयात, मजुरीसाठी बाहेरगावी. मले तवा हसू आलं होतं. तोच कागद आता तुह्या बापाच्या गळ्यात आहे.

मी गेली होती ना तहसिलीत, मागच्या आठवड्यात, एकटी. साहेबाले म्हटलं, "पोराचा दोष नाई. सारं मी केलं, मले धरा."

साहेब म्हणे, "आजी, फोनवर आकडे आले ते तुम्ही वाचले?"

"हो जी, मीच."

त्यानं माह्यासमोर फोन धरला. "मग हे वाचा बरं."

मी लय वेळ पाहलं. काळे मुंगळे चालल्यासारखे होते. मी म्हटलं, "चष्मा घरी राह्यला." साहेब हसला नाई. खुर्ची देल्ली, पाणी देल्लं अन् घरी पाठवलं. पंचाहत्तर वर्षांत मले अक्षराचं काम पडलं नव्हतं. पडलं तेही जेलात जाण्यासाठी, अन् तिथीही नापास.

आता तुह्या बापानं काय काढलं ते आयक. पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतला दसरू आहे ना, आज्याच्याच वयाचा, आज्यासारखाच वाळका, त्याले आजा म्हणून उभं करणार आहे. नवा सदरा, आज्याची टोपी, आज्याचं आधारकार्ड. फोटो असा काळा पडला आहे का त्यात मी बसली तरी चालन. अंगठा मशीनवर घेईन म्हटलं तर लहानू म्हणते, "जन्मभर चिखलात रोवणा केलेल्या बुढ्याचे बोटं, मशीन तीनदा नाई म्हणन. मंग साहेब तुले विचारन, आजी, हा तुहा नवरा आहे का? तू हो म्हणजो. बस."

मी म्हटलं, "दसरूले नवरा म्हणू? त्याच्या तोंडात एक दात नाई."

लहानू हसला नाई, पोरा. हात जोडून माह्या पायापाशी बसला.

तू ये. तू येऊन खरं सांगतलं तर या नाटकाचं काम नाई.

आजी


६ सप्टेंबर

पियुष,

हे पोस्टात टाकलं तर आठ तारखेच्या आत तुले भेटत नाई. म्हणून संघप्रिया चंद्रपूरच्या बसच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यली आहे. तिचा मावसभाऊ स्टँडवर घेईन अन् तुह्या हातात देईन. फेकून देजो नोको. दुकानात ग्रीसचे हात पुसाले लागला तरी पहिले वाच.

तू काऊन येत नाई ते मले मालूम आहे. आजवर बोलली नाई. आज बोलते, कारण परवानंतर बोलून फायदा नाई.

गावानं तवा रस्त्यावर बांबूचं फाटक बांधलं होतं, काटे लावून. ते राखाले बायाची पाळी असे. त्या दिवशी माही होती. तू अन् आजा जंगलातून, नदीतून चालत आले, आज्याच्या खांद्यावर मजुरीत भेटलेलं मिरचीचं पोतं. मी तुमाले लांबूनच वळखलं. आज्याची खोकल मी दोन कोसावरून वळखते. 

लोकं म्हणे, चौदा दिवस बाहेर. मी फाटक खोलू शकत होती, पियुष. दोरी माह्या हातात होती. अन् मी काय केलं? चारचौघात हासली. आज्याले म्हटलं, "लगीन झाल्यापासून एवढी सुट्टी कधी भेटली होती का तुले? जा, चौदा दिवस मजा कर!" बायाही हासल्या. आजाही हासला, अन् हासता हासता खोकलत बसला. तुम्ही आपल्या बांधीतल्या मोहाच्या झाडाखाली थांबले. दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन गेली तर तिथी कोणी नाई. गावातल्या कोणी तरी जाऊन म्हटलं होतं, हे शेतही गावाच्याच हद्दीत येते.

नवव्या दिवशी तू एकटा आला. खांद्यावर पोतं. आज्याचं.

तू तोंड उघडलं अन् मी कानावर हात ठेवले. म्हटलं, "तिथून बोलू नको. चौदा दिवस पुरे कर, मंग घरी येऊन सांग." तू दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मी ओरडली. तू पोतं फाटकापाशी ठेवलं अन् माघारी फिरला.

(इथी संघप्रियाची पेन थांबली. तीही होती ना तवा, हातात ताप मोजाची बंदूक घेऊन. तुह्या पोत्यावर पावडर तिनंच टाकली होती. आता ती म्हणते, आजी, पुढं सांगा. डोळे पुसून म्हणते.)

मी चौदा मोजत राह्यली. तू चौदाव्या दिवशी आला नाई. पंधराव्या दिवशीही नाई. माहा चौदावा दिवस अजून व्हाचा आहे.

तुले काय सांगाचं होतं ते मले मालूम आहे. एवढी मी मूर्ख नाई. पण तुह्या तोंडून आयकलं असतं तर मले मान्य करा लागलं असतं का दोरी माह्या हातात होती.

आज दसरू आला होता, टोपी घालून पाहाले. मागून टोपी पाहली अन् मी भाकर वाढाले उठली. परवा साहेब मले विचारन. मी 'हो' म्हटलं तर तुहा बाप वाचन. पण मंग तुह्या आज्याले मरणच नाई, तो सरकारच्या कागदात जन्मभर मिरची तोडत राहीन, ना त्याची जागा, ना तेरवी. 'नाई' म्हटलं अन् तू नसला, तर माहा पोरगा जाईन. अन् त्याले म्या पाठवलं असंच होईन. एकाले तर पाठवून चुकली.

मी काय म्हणीन, मले मालूम नाई. खरंच नाई. लहानू म्हणते, माय 'हो'च म्हणन. तुही माय कांता माह्याशी दोन दिवसांपासून बोलली नाई.

अकरा वाजता आहे.

आजी


१० सप्टेंबर

माह्या लहान नवऱ्या,

तू म्हणशील, हे काऊन लिहून राह्यली, मी तिथीच तर होतो. पण तू माह्या मागं होता. माहं तोंड तुले दिसलं नाई. म्हणून सांगते.

तू आधीपासूनच बसला होता, हे मले संघप्रियानं बाहेर आल्यावर सांगतलं. पाण्याच्या टाकीपाशी, टोपी डोळ्यावर ओढून. आम्ही सायबाच्या टेबलापाशी गेलो, तू उठला नाई. आता समजते काऊन. तुले पाहाचं होतं का बुढी या वेळी दोरी सोडते का धरून ठेवते.

मशीननं दसरूचे दहाही बोटं नाई म्हटले. तुह्या बापाचा अंदाज बरोबर होता. साहेबानं घाम पुसला अन् माह्याकडं वळला. "आजी, हे कोण?"

दसरू नव्या सदऱ्यात आंग चोरून बसला होता. टोपीले आज्याच्या डोक्याचा वास अजून होता, तो पंख्याच्या हवेनं माह्या नाकात येऊन राह्यला होता. तुहा बाप माह्याकडं पाहत नव्हता. टेबलाच्या पायाकडं पाहत होता, लहानपणी मार खायच्या आधी पाहे तसा.

मी 'हो' म्हणालेच तोंड उघडलं होतं, पियुष. खोटं काऊन बोलू. पण दसरूनं मधातच त्या वेळी खोकललं. अन् ती खोकल आज्याची नव्हती.

मी म्हटलं, "हा दसरू आहे जी. पलीकडच्या टोल्यावरचा. माहा कोणी नाई."

"मग मुखरू कुठे आहे?"

"मेला."

पाच वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा म्हटला. तोंडात मावला, हेच नवल. तुह्या बापानं डोळे मिटले.

"तुम्ही पाहिलं?"

"नाई."

"मग कोणी पाहिलं?"

अन् मागून कोणी तरी म्हटलं, "मी."

मी मान वळवली नाई, कारण वळवली असती अन् तू नसता तर? मी सायबाच्या पेनाकडं पाहत राह्यली. तू बोलत गेला, पेन चालत गेला. एकवीस एप्रिल. सकाळ. नदीच्या अलीकडं, येनाच्या झाडाखाली. डोंगेवाल्यानं फावडा देल्ला, खड्डा तू एकट्यानं खोदला. वर सात दगडं ठेवले, जनावर येऊ नये म्हणून. सात मी बोटावर मोजले.

साहेब म्हणे, "आणखी काही?"

मले वाटलं, झालं. मंग तू म्हटलं, सायबाले नाई, भिंतीले सांगतल्यासारखं: "आज्यानं एक निरोप देल्ला होता. म्हणे, बुढीले सांग, चौदा दिवसांची सुट्टी नऊ दिवसांतच संपली. हासून म्हणे."

साहेबानं पेन टोपणात घातला. म्हणे, "हे कागदावर लागत नाही."

म्हणून मी इथी लिहून घेत आहे. संघप्रियाले सांगतलं, हे मोठ्या अक्षरात काढ.

माहं तोंड तुले दिसलं नाई. मी हासली, बाप्पा. तहसिलीत, सायबासमोर, मोठ्यानं. दरवाज्यातल्या लोकाले वाटलं बुढी येडी झाली. तू पाच वर्षं तेवढा एक निरोप पोटात घेऊन पंक्चर काढत बसला, अन् मी कानावर हात ठेवून बसली. तो बुढा मरता मरता मले उत्तर देऊन गेला होता, अन् मी त्याचं उत्तर फाटकावरून माघारी पाठवलं.

मंग मी दोन्ही हात सायबाच्या टेबलाच्या काठावर आपटले. बांगड्या त्याच्या फायलीवर उडाल्या. त्यानं एकेक काच उचलून कागदात बांधून मले देल्ली.

मागं वळली तर तुही जागा रिकामी. बाहेर बस निघून गेली होती.

तुह्या बापाचं सांगते. पैसे परत भरा लागते, हप्त्यानं. केस सध्या नाई म्हणते. साहेबानं तुहं बयान वरतं पाठवलं, मरणाचा दाखला निघन, मंग जमिनीचं होईन. दसरूनं टोपी काढून देल्ली, सदरा मात्र मागितला नाई तरी घेऊन गेला. घरी आल्यावर लहानू चुलीपाशी बसून रडला, बापासाठी, पाच वर्षांचं. मी त्याले रडू देल्लं. कांता आज माह्याशी बोलली. म्हणे, "भाजीत मीठ जास्त झालं." बोलली तर खरं.

मिरचीचं पोतं मी आढ्याले टांगून ठेवलं होतं. कोणाले हात लावू देल्ला नाई. काल उतरवलं. लाल रंग पार उडाला, गवतासारखी झाली. एक जिभेवर ठेवली. तिखट काहीच नाई, नुसता धूर लागल्यासारखी. पण कुटाची तीच. तेरवीची भाजी तिच्यातच होईन, गावजेवण त्याच मजुरीचं. अन् घरी नाई, येनाच्या झाडाखाली. ज्या लोकानं मोहाखालून उठवलं होतं, त्यायलेही बोलावणं देल्लं आहे. येऊ दे, तेवढं लांब चालून.

ती जागा फक्त तुले मालूम आहे. म्हणून रविवारी मी तुले न्याले येऊन राह्यली. लहानू म्हणते, एकटी नोको जाऊ, चंद्रपुरात बस बदला लागते, तुले पाटी वाचता येत नाई. मी म्हटलं, तोंड तर आहे.

तू दुकानापाशीच राह्य. काही बोलाचं असन तर बोलजो, रडाचं असन तर रडजो, मले शिव्या देल्ल्या तरी माहे हात कानावर जाणार नाई. हातात बांगड्याही नाई आता, हलके झाले.

चढल्याबरोबर कंडक्टरले सांगून ठेवीन, माह्या लहान नवऱ्याचं गाव आलं का उतरवजो मले.

धुरपता